भिंतीतून नेटवर्क केबल: पाइप आधी, केबल नंतर

घरात वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर येतो, मग रिपीटर येतो, तरी मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतोच. कोल्हापुरात दोन तऱ्हेच्या घरांत हे हमखास होतं. एक, पेठांमधली जुनी घरं, जिथं भिंती दीड-दोन फुटी आहेत. दुसरी, उपनगरांतली दोन मजली आरसीसी घरं, जिथं मधला स्लॅबच सिग्नल खातो. उपाय दोन्हीकडे एकच: महत्त्वाच्या प्रत्येक खोलीत केबल न्यायची आणि वायफाय त्या केबलच्या टोकाला लावायचं.

यात बहुतेकांचं लक्ष केबलवर असतं. कोणती कंपनी, कोणती कॅटेगरी, मीटरला काय भाव. खरं लक्ष पाइपवर हवं. केबल उंदीर कुरतडेल, पुराचं पाणी शिरेल, दहा-पंधरा वर्षांनी जास्त वेगाची लागेल. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर जुनी केबल ओढून तिच्याच मागून नवी आणता येते. पाइप चुकला तर पुन्हा भिंत फोडावी लागते. बिना पाइपाची केबल थेट झिरीत (भिंतीत कापलेल्या खाचेत) ठेवून वरून गिलावा मारणारे वायरमन अजून भेटतात. त्यांना सुरुवातीलाच ‘नाही’ म्हणा.

पॉइंट किती, मुख्य जागा कुठे

सगळ्या केबल एका ठिकाणी येतात. तिथं फायबरचा मोडेम, स्विच (एका नेटचे अनेक पॉइंट करणारा डबा) आणि पॅच पॅनेल (भिंतीतून आलेल्या केबल जिथं संपतात ती जॅकची पट्टी) बसतं. ही जागा जिन्याच्या लँडिंगवर, वरच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये किंवा कोरड्या माळ्यावर असावी. स्वयंपाकघर नको, कारण तेलकट वाफ पंख्यात आणि पोर्टमध्ये बसते. बाथरूमला लागून असलेली ओली भिंतही नको. देव्हाऱ्याखालचं कपाट रिकामं असतं म्हणून पुष्कळ घरांत राउटर तिथं जातो. वर निरांजन, खाली इलेक्ट्रॉनिक्स, ही जोडी बरी नव्हे. कपाट बंद असेल तर खाली आणि वर हवेसाठी जाळी ठेवा.

दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्यापारी पेठ, नागाळा पार्कचा सखल भाग अशा ठिकाणी घर असेल तर यावर चर्चाच नको: मुख्य जागा वरच्या मजल्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोक्याची पातळी, हे इथं सगळ्यांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं, तेही घराच्या भिंतीवर दिसतंच. तळमजल्याच्या केबल वरून खाली उतरवा. मग पाणी आलं तरी तेवढेच पॉइंट जातात, वरचं नेट चालू राहतं.

उदाहरणादाखल दोन मजली घर घेऊ. तळमजल्यावर टीव्हीमागे दोन, पुढच्या खोलीत एक, बेडरूममध्ये एक, छताला वायफायसाठी एक. वर दोन बेडरूममध्ये एकेक, अभ्यासाच्या टेबलाशी एक, छताला एक. फाटकाकडच्या कॅमेऱ्यासाठी एक. एकूण १० केबल. सरासरी १५ मीटर धरली तर १५० मीटर. त्यात प्रत्येक केबलला मुख्य जागेत दीड मीटर आणि भिंतीतल्या बॉक्समध्ये ३० सें.मी. शिल्लक धरा, वर १० टक्के वाढवा. साधारण १८५ मीटर होतात. १०० मीटरची दोन बंडलं आणली तर हिशेब कागदावर बसतो, पण शेवटी तुकडे उरतात आणि एखाद्या केबलला जोड द्यायची वेळ येते. भिंतीत जोड चालत नाही. त्यामुळे ३०५ मीटरचा खोकाच घ्या. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, त्यावरून प्रत्येक केबलची नेमकी लांबी कळते. ती वहीत लिहून ठेवा.

टीव्हीमागे दोन का? आज एक टीव्हीला पुरतो, उद्या सेट-टॉप बॉक्स किंवा गेमचा कन्सोल येतो. झिरी मारायचा खर्च एका केबलला जितका, तितकाच दोन केबलना.

केबल घेताना

घरासाठी कॅट ६ यूटीपी (आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या, वर शील्ड नसलेली), २३ गेज, भरीव तारेची. १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १ जीबीपीएस वेग मिळतो. दहा गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंत चालतं, आणि घरात एवढी लांब केबल सहसा नसतेच. कॅट ६ए जाड आणि ताठ असते; छोट्या बॉक्समध्ये वळवताना जीव नकोसा होतो. वरून फॉइल असलेली शील्डेड केबल तर घरात टाळाच. तिच्या शील्डला नीट अर्थिंग लागतं, आणि अर्थिंगची खात्री नसेल तर शील्डचा फायदा काही नाही.

सर्वांत मोठी फसवणूक तारेच्या धातूत असते. खोक्यावर ‘प्युअर कॉपर’ लिहिलेलं पुरावा नव्हे. केबलच्या सालीवर ‘सीसीए’ असं छापलेलं असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. काहीच छापलेलं नसेल तर दुकानातच टोक कापून एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरट चमक दिसली की परत द्या. तांबं आतपर्यंत तांबूसच निघतं. ॲल्युमिनियमची तार दोन-चारदा वाकवली की तुटते, जॅकमध्ये काही वर्षांनी सैल पडते, आणि कॅमेऱ्याला किंवा वायफायला केबलमधूनच वीज द्यायची असेल, म्हणजे पीओई, तर जास्त तापते.

पॅच कॉर्ड, म्हणजे भिंतीतल्या पॉइंटपासून उपकरणापर्यंतची छोटी केबल, तयार घ्या. भिंतीतली भरीव तार सतत वाकवण्यासाठी नसते. टेबलाशी हलणारी कॉर्ड बारीक तारांच्या पिळाची असते. चपटी केबल भिंतीत अजिबात नको.

पाइप आणि झिरी

आयएसआय मार्कचा पीव्हीसी पाइप घ्या. भिंतीसाठी मध्यम जाडीचा, स्लॅबमध्ये टाकायचा असेल तर जाड. स्लॅब ओतताना त्यावरून घमेली घेऊन माणसं चालतात. हलका पाइप तिथंच चेपतो आणि हे कळतं तेव्हा स्लॅब वाळलेला असतो.

२० मि.मी. पाइपात दोन केबल, २५ मि.मी.मध्ये चार, ३२ मि.मी.मध्ये सात-आठ. आणखी एक जाईल असं दिसतं, आणि सरळ तुकड्यात जातेही; बेंडवर मात्र ती अडकते आणि जोर लावला की साल सोलते. ४० टक्क्यांहून जास्त जागा भरू नये, हा नियम यासाठीच आहे. मजल्यामजल्यातून उतरणारा मुख्य पाइप ३२ चा आणि त्याच्या शेजारी एक रिकामा २५ चा टाका. रिकाम्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवा. वर दिलेल्या घराला ३ मीटरच्या साधारण ३० नळ्या लागतात, कारण बरेच मार्ग एकत्र येतात.

काटकोनी एल्बो घेऊ नका. कॅट ६ केबल साधारण ६ मि.मी. जाड असते आणि तिच्या वळणाची त्रिज्या जाडीच्या चौपट, म्हणजे २५ मि.मी.पेक्षा कमी झाली तर आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. लांब बेंड वापरा, किंवा पाइपात स्प्रिंग घालून गुडघ्यावर वाकवा. दोन बॉक्सच्या मध्ये जास्तीत जास्त दोन बेंड. तिसरा लागतोय असं दिसलं की तिथं एक जंक्शन बॉक्स द्या.

विजेच्या पाइपातून ही केबल कधीच न्यायची नाही, ‘जागा आहे की’ असं वायरमन म्हणाला तरी. २३० व्होल्टच्या वायरचं इन्सुलेशन ओढताना सोललं तर ती वीज थेट टीव्ही-लॅपटॉपपर्यंत येते. समांतर जाताना निदान २०–३० सें.मी. अंतर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. बॉक्सही वेगळा.

झिरी मारायच्या आधी मेन बंद करा आणि सध्याच्या बोर्डांच्या सरळ वर-खाली काही कापू नका. जुनी वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. आखणी ओळंब्यानं आणि लाइनदोरीनं, फक्त उभी किंवा आडवी. तिरपी झिरी पाइप वाचवते खरी, पण पुढं कुणी कॅलेंडरला खिळा ठोकताना पाइप कुठं असेल याचा अंदाज करू शकत नाही.

२५ च्या पाइपाला साधारण ३५ मि.मी. रुंद आणि गिलाव्याच्या पृष्ठापासून ३८ मि.मी. खोल झिरी लागते. पाइपावर १२–१३ मि.मी. माल बसलाच पाहिजे, नाहीतर महिन्याभरात पाइपाच्या रेषेत चीर दिसते. आता भिंतीचा विचार. उभी झिरी विटेच्या भिंतीच्या (गिलावा सोडून) जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. नऊ इंची भिंतीत दोन्ही बसतं. साडेचार इंचीत उभी ३८ मि.मी. चालते, आडवी मात्र जेमतेम १९. म्हणजे गिलावा धरूनही पाइपावर पुरेसा माल उरत नाही. साडेचार इंची भिंतीत आडवं जायचंच नाही. वर जा, स्लॅबखालून फिरा आणि हव्या त्या जागी उभं खाली उतरा. आरसीसी कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही. छन्नीला सळी लागली तर तिथंच थांबा.

वॉल कटरनं दोन समांतर काप घ्या, मधला भाग छन्नीनं काढा. फक्त छन्नी-हातोड्यानं केलं तर कडेचा गिलावा हातभर सुटतो. धूळ भयंकर उडते; मास्क आणि चष्मा हवाच, आणि शेजारच्या खोलीचं दार ओल्या कापडानं बंद करा.

पाइपाचं कापलेलं टोक कानशीनं घासा, आतली धार बोटानं तपासा. प्रत्येक सांध्याला सोल्युशन लावा. नुसता दाबून बसवलेला कपलर गिलाव्याच्या वेळी सरकतो आणि सिमेंटचं पाणी आत जाऊन गोठतं. त्याच कारणानं उघडी टोकं कागदाच्या बोळ्यानं आणि टेपनं बंद करा. बॉक्स किमान ५० मि.मी. खोल असावा, कारण जॅकच्या मागे केबलला वळायला जागा लागते. प्लेट गिलाव्याच्या पृष्ठाशी सपाट येईल अशा बेतानं तो बसवा. जमिनीपासून ३० सें.मी. ठीक, टीव्हीचा पॉइंट टीव्हीच्या मागे, तर पूर येणाऱ्या भागात सगळेच पॉइंट शक्य तितके वर.

गिलावा मारण्याआधी दोन कामं. प्रत्येक पाइपातून केबल ओढायची लांब स्प्रिंग आरपार घालून बघा. आणि मेजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. मग झिरी पाण्यानं भिजवून, चिकन जाळी (तारेची बारीक जाळी) ठोकून, सिमेंट-वाळूच्या एकास चार मालानं भरा. आठवडाभर पाणी मारा. पुट्टी त्यानंतर.

जुनी घरं

दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, वर तक्तपोशी, अशा घरात वॉल कटर आणूच नका. मातीच्या भिंतीत झिरीला कडा धरत नाहीत. दोन इंचांचं कापायला जावं तर अर्धा फूट ढासळतं. तिथं केसिंग-पट्टी, म्हणजे भिंतीवरून जाणारी झाकणाची पट्टी, वापरा. सोप्यातून माजघरात जाताना तुळईच्या कडेनं, माडीवर जिन्याच्या कोपऱ्यातून, लाकडाच्या रंगाची पट्टी नेली तर डोळ्यांत येत नाही. भिंत ओलांडायला लांब बिटानं एकच भोक पाडून त्यात पाइपाचा तुकडा बसवा. पट्टी लाकडाला स्क्रूनं लावा; मातीत गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) धरत नाही. यात कमीपणा काही नाही, उलट दुरुस्ती सोपी जाते.

अपार्टमेंटमध्ये बघा, टेलिफोनचा जुना पाइप बहुधा असतो. लँडलाइनची वायर आता सहसा कुणी वापरत नाही. तिच्या टोकाला दोरी बांधून ती ओढून काढा, मग दोरीनं केबल आणा. वायर हलली नाही तर ती मध्येच गिलाव्यात पकडली गेली आहे. जोर करून तोडू नका, तुटली की मार्गच गेला.

केबल ओढणं

एका पाइपातल्या सगळ्या केबल एकदम ओढायच्या. आधी एक आणि नंतर दुसरी ओढली तर दुसरी पहिलीची साल घासून जाळते. त्यासाठी लांबी मोजून आधी कापून घ्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबर लिहा, टोकापासून हातभर आत, कारण टोक पुढं कापलं जातं.

टोकाची १५ सें.मी. साल काढा, तारा स्प्रिंगच्या कडीत ओवून पिळा, आणि टेप असा गुंडाळा की टोक निमुळतं राहील. टेपचा गठ्ठा झाला की पहिल्याच बेंडवर अडकतो. पाइपात टाल्कम पावडर फुंका. तेल-ग्रीस लावू नका, साल फुगते. एकानं खोक्याकडून सरळ करत सोडायची, दुसऱ्यानं सावकाश ओढायची. ११ किलोच्या वर ताण देऊ नये. अंदाज असा की एका हातानं आरामात येते तेवढीच. हिसका दिला की आतला पीळ सुटतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. केबलला अढी पडून ती घट्ट झाली असेल तर तो तुकडा बाद. ओढून झाल्यावर पुढचं ३० सें.मी. कापून टाका.

जॅक लावणं

भिंतीतल्या केबलला थेट आरजे-४५ प्लग (लॅपटॉपमध्ये खुपसतो ते टोक) न लावता जॅक, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो भिंतीतला सॉकेट, लावा. रंगक्रम टी५६८बी घ्या आणि दोन्ही टोकांना तोच ठेवा:

१ पांढरा-केशरी
२ केशरी
३ पांढरा-हिरवा
४ निळा
५ पांढरा-निळा
६ हिरवा
७ पांढरा-तपकिरी
८ तपकिरी

जॅकवरच्या खाचा या क्रमानं नसतात. बाजूच्या रंगपट्टीवर ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन क्रम छापलेले असतात. ‘बी’ची ओळ बघूनच तारा बसवा. चार सें.मी. साल काढा, मधली अधिक चिन्हाच्या आकाराची प्लास्टिकची काडी सालीपाशी कापा. जोडीचा पीळ १३ मि.मी.पेक्षा जास्त सोडू नका, कमी सोडला तर उत्तमच. तारा आधी सगळ्या सरळ करून मग बसवायची सवय प्लगची आहे; जॅकला तसं करायचं नाही. पंचिंग टूलची (तार खाचेत दाबून जादा टोक कापणाऱ्या हत्याराची) पाती बाहेरच्या बाजूला धरून दाबा. उलटी धरली तर आतली तारच कापली जाते. केबल बॉक्समध्ये गोल फिरवून ठेवा, दुमडून कोंबू नका.

तपासणी आणि हमखास चुका

साधा एलईडी टेस्टर लावून आठही दिवे क्रमानं लागतात का बघा. एखादा लागला नाही तर बहुधा तार खाचेत नीट बसलेली नाही, पुन्हा पंच करा.

पण सगळे दिवे लागले म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. ३ आणि ६ नंबरला एकाच जोडीच्या तारा लागतात, हिरवी जोडी. कुणी रंग ओळीनं लावले, म्हणजे केशरीची जोडी १-२, हिरवीची ३-४, निळीची ५-६, आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तर टेस्टर खूश होतो. दिवे एका ओळीत लागतात, कारण त्याला फक्त तार सलग आहे का एवढंच कळतं. प्रत्यक्षात ३-६ वरचा सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांत विभागलेला असतो, पिळाचा उपयोग संपतो आणि नेट अडखळतं. म्हणून प्लेट बसवण्यापूर्वी डोळ्यांनीही रंग तपासा.

मग दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून लिंकचा वेग बघा. १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० एमबीपीएस दिसला तर तीन शक्यता: चारपैकी एखादी जोडी तुटलेली (गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात), पॅच कॉर्ड खराब, किंवा पोर्टच १०० चं. शेवटचं तपासायला लोक विसरतात. काही फायबर मोडेमच्या चारपैकी एकाच पोर्टला गिगाबिट असतं. त्या पोर्टला गिगाबिट स्विच जोडा आणि बाकी घर स्विचवरून चालवा. आयपर्फसारख्या मोफत प्रोग्रामनं मोजलं तर गिगाबिट केबलवर साधारण ९४० एमबीपीएस मिळतात. तेवढे आले की भिंतीतलं काम ठीक आहे.

मोडेम आणि स्विचचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वळिवात महावितरणची लाइन गेली तरी नेट चालतं.

पाऊस, वीज, पूर

फायबरची वायर बाहेरून आणण्यासाठीचं भोक बाहेरच्या बाजूला उतार ठेवून पाडा, आणि वायरला भोकाखाली एक झोळ देऊन मग आत घ्या. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. सरळ आत घेतलेल्या वायरीवरून जून-जुलैत पाणी थेट मोडेमपर्यंत वाहतं. भोवती सिलिकॉन भरा.

परड्यातल्या खोलीपर्यंत किंवा शेजारच्या इमारतीपर्यंत तांब्याची केबल नेऊ नका. एप्रिल-मेच्या वळिवात जवळ वीज पडली की अशा केबलमध्ये दाब येतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असणं हेही त्यामागचं एक कारण. तिथं फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणि उलट नेणारे डबे) लावा. गच्चीवर किंवा फाटकावर कॅमेरा असेल तर त्याच्या केबलला अर्थ केलेला सर्ज प्रोटेक्टर द्या.

पूर येणाऱ्या घरात पाइपाला खाली उतरून पुन्हा वर जाणारं वळण ठेवू नका. तिथं गाळ साचतो आणि केबल त्यातच पक्की बसते. पाणी गेल्यावर तळमजल्याचे जॅक फेकून द्या, केबलही वाळवत बसू नका. साध्या यूटीपीत टोकातून शिरलेलं पाणी सालीच्या आत दूरवर चढतं, तांबं हिरवं पडतं आणि वेग महिनोन्‌महिने कमी-जास्त होत राहतो. पाइपात वरून स्वच्छ पाणी सोडून गाळ धुवा, निथळू द्या, जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधा आणि वरून ओढा.